मातीच्या शेतातली सीतादही

बोंडं फुटली आहेत. काल ओट्यावर बसून शेताकडे पाहिलं, तर कापसाच्या हिरव्या पऱ्हाटीवर जागोजाग पांढरं दिसायला लागलं होतं. मधल्या तुरीच्या ओळी पिवळ्या फुलांवर आल्या आहेत, धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, अंबाडी वाळत चालली आहे, सकाळचं दव पानांखाली बराच वेळ टिकतं आहे. एरवी या दिवसांत माझ्या अंगात नवा जोर येतो. गुडघे कुरकुरतात ते वेगळं, पण मन शेताकडे धावतं. यंदा ते धावत नाही. यंदा मी वेळ काढते आहे.

तुळशीराम, माझा थोरला, सकाळपासून माझ्याभोवती घिरट्या घालतो आहे. "माय, सीतादही कधी करतं? खालच्या गावात वेचनी लागली." मी म्हणते, आभाळ आलंय. तो वर बघतो, आभाळ स्वच्छ. मी म्हणते, दही नीट लागलं नाही. तो गोठ्यातल्या म्हशीकडे बघतो, जसा काही तिचाच गुन्हा आहे. घरात त्याचा शब्द चालतो, पण या एका बाबतीत त्याला तोंड उघडता येत नाही. वेचणीच्या आधी बायांनी शेताच्या कोपऱ्यात पाच खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू वाहायचं, पुढं दहीभात ठेवायचा, चांगल्या फुललेल्या झाडावर कापसाची लड टाकायची. दहीभात चारी दिशांना उधळायचा, उरलेला सगळ्यांनी तिथंच बसून खायचा, आणि मगच बोंडाला हात लावायचा. ही सीतादही. तिच्या आधी तोडलेल्या कापसाला बरकत नसते असं आम्ही वऱ्हाडातले लोक मानतो. सीतादहीला पुरुष येत नाहीत. ती केव्हा करायची, कशी करायची, ते बायांचं बाया बघतात. आणि आमच्या गावात ते बरीच वर्षं मी बघते.

वेळ काढण्याचं कारण वेणू, तुळशीरामची पोर. गावच्या शाळेत जाते. तुळशीरामनं सांगून टाकलं आहे, सीतादही झाली की तिची शाळा बंद. "लय शिकली. आता वेचाले चाल म्हना." त्याच्या मनात वाईट काही नाही. हात कमी आहेत, कापूस उभा आहे, पोरगी हाताशी आली आहे. अशा कारणांनी घेतलेले निर्णय मोडायला फार कठीण असतात.

तीनचार दिवसांमागं ती शाळेतून आली ती कोपरापर्यंत मातीनं बरबटलेली. मास्तरांनी सगळ्यांकडून मातीची फळं करून घेतली होती. वेणूनं सीताफळ केलं होतं, त्यावरचा एकेक डोळा काडीनं उमटवलेला. ते ओलं सीताफळ तिनं माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "आजी, हे वाळलं का मास्तर रंग देनार हायत. वाळेपर्यंत नको करू सीतादही."

ओल्या काळ्या मातीचा वास माझ्या नाकात गेला. मी तिच्याएवढी होते तेव्हा हाच वास माझ्या बोटांना लागलेला असायचा.

ते कापसाच्या सोन्याचे दिवस होते. कुठल्या तरी परमुलखात लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि त्यामुळे आमच्या काळ्या रानातल्या बोंडाला कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता असा भाव आला. कोण कुणाशी का लढतंय हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ती लढाई संपू नये एवढं मात्र देवळात गुपचूप मागितलं जायचं. अकोटाच्या वाटेवर बैलगाड्यांची रांग तुटत नसे. बैलांच्या शिंगांवर पितळी शेंब्या जाऊन चांदीच्या आल्या. बायांच्या अंगावर जाडंभरडं जाऊन रंगीत काठाची लुगडी आली. पाटलानं तर शाळेच्या ओसरीतसुद्धा सरकीची पोती रचून ठेवली होती. आम्ही पोरं त्या पोत्यांना टेकून पाढे म्हणायचो आणि मास्तर पोत्यांच्या मधल्या बोळात उभे राहून शिकवायचे.

अशा दिवसांत शाळेची काय किंमत? भाव चढला तशी माणसाच्या हाताची किंमत चढली. लहान हातांची तर जास्तच, कारण बोंडाच्या टोकदार कवचातून कापूस ओढायला बारीक बोटं बरी पडतात. वेचणी लागली की शाळा ओस पडायची.

मी शाळेत होते ते नाम्यामुळे. नाम्या माझा धाकटा भाऊ, नामदेव. बाच्या मनात त्याला शिकवायचं होतं. पण नाम्या माझा पदर धरल्याशिवाय कुठं बसत नसे. पहिल्या दिवशी त्याला शाळेत सोडून मी वळले तर त्यानं असा टाहो फोडला की चावडीवरचे लोक धावत आले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी बा वैतागून म्हणाला, "बस वं तू बी त्याच्यापाशी." मी बसले. गावातल्या त्या ओसरीत मी एकटी मुलगी, आणि तीही भावाचं रडणं थांबवायला आणलेली. पण अक्षरं काही कोण कशाला बसलंय ते बघत नाहीत. धूळपाटीवर बोट फिरवता फिरवता ती माझ्या हातात आली, आणि एकदा आली ती मला सोडवेनात.

त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली. दसऱ्याआधीच बा म्हणाला, "सीतादही झाली का गंगू वावरात. नाम्या आता मोठा झाला, त्याचा तो बसते." मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायची सोय नव्हती. त्या दिवसापासून मी बोंडांकडे शत्रूसारखी बघायला लागले. रोज सकाळी शाळेला जाताना धुऱ्यावर थांबून बघायची, कोणतं फुगलंय, कोणतं तडकलंय.

आमचे मास्तर घाटावरचे होते. गोविंदपंत त्यांचं नाव, पण गाव त्यांना पंतोजी म्हणे. किडकिडीत, मऊ बोलणारे, वऱ्हाडी बोलण्याचा त्यांना सुरुवातीला धाक वाटायचा. कुणी साधं "काहून आले?" विचारलं तरी त्यांना वाटे, माणूस भांडायला आलाय. वेचणीआधी पोरं गळायला लागली, तशी त्यांनी एक युक्ती काढली. म्हणाले, आपण ओसरीत एक शेत करू. मातीचं. बैल, गाड्या, विहीर, मचाण, सगळं. पाढ्यांना न येणारी पोरं मातीला येतील, असा त्यांचा हिशेब असावा, आणि तो चुकला नाही. चिखलात हात घालायला मिळणार म्हटल्यावर गळालेली पोरं परत आली.

बाजेएवढ्या जागेत आम्ही नाल्यावरची माती आणून पसरली. पहिल्या रात्रीत ती अशी भेगाळली की आमचं शेत उन्हाळ्यातलं रान दिसायला लागलं. मास्तरांचा चेहरा पडला. मग पोरांनी शेण आणलं, कडब्याचा भुसा आणला, पायांनी तुडवून तुडवून मळलं, आणि दुसरं शेत टिकलं. मास्तरांनीही धोतर खोचून तुडवलं. त्यावर काडीनं नांगराची तासं ओढली. पोळ्याला केलेले मातीचे बैल घराघरांतून आले. पाटलाच्या गणपतनं आपल्या बैलांच्या शिंगांना कथलाचा चकचकीत कागद गुंडाळला; वाड्यातल्या बैलांना चांदी, तर याच्या बैलांना का नको? नाम्यानं बुजगावणं केलं. ते इतकं भेसूर झालं की तोच त्याच्याकडे पाठ करून बसायचा. गेरूनं गाड्या रंगल्या, हळदीनं तुरीची फुलं, बाभळीच्या काडीचं टोक चावून चावून आमचे कुंचले झाले. शाळेत दिवसभर शेणामातीचा आणि हळदीचा वास कोंडलेला असायचा. आजही कुठं तो वास आला की माझी बोटं आपोआप हलायला लागतात.

सगळं झालं, पण त्या शेतात बाई नव्हती. पोरांनी पाटील केला, गाडीवान केला, मचाणावरचा राखणदार केला. वेचणारं कुणीच नाही. मी एका कोपऱ्यात बसून बाया केल्या. कमरेला कापसाची ओटी बांधलेल्या, वाकलेल्या. त्यांतली पुढची बाई सरूमाय होती. सरूमाय म्हणजे गावातल्या वेचणाऱ्या बायांची म्होरकी. सीतादही तीच करायची, सगळ्या गावाची, आणि त्याबद्दल दर शेतातल्या कापसाची पहिली ओंजळ तिला मिळायची. त्या भावाच्या दिवसांत अशी ओंजळ म्हणजे थोडंथोडकं नव्हतं. तिची कंबर वाकलेली होती, एक खांदा वर चढलेला होता. मी तो खांदा नीट साधला. बाकी बायांना चेहरे नव्हते, पण सरूमाय ओळखू येत होती.

मग एक दिवस मास्तर म्हणाले, "आता फक्त कापूस राहिला. उद्या येताना आपापल्या शेतातलं थोडं थोडं आणा." मी त्या दिवशी घरी होते, मायबरोबर दळणाला बसले होते. मी तिथं असते तर तिथंच बोलले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरून उशिरा शाळेत गेले. ओसरीच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच थिजले. आमचं मातीचं शेत पांढरं झालं होतं. काड्यांच्या पऱ्हाटीवर पोरांनी खराखुरा कापूस चिकटवला होता. नवा, या सालचा, दवानं अजून ओलसर. मूठ मूठ प्रत्येकानं आणला होता, आपल्या शेतातला जास्त पांढरा म्हणून भांडणं चालली होती, आणि मास्तर मधे उभे राहून खुशीनं हसत होते.

मी म्हटलं, "सीतादही व्हायची हाय अजून."

कुणाला कळलंच नाही. कळणार कसं? सीतादहीला बाप्ये जात नाहीत, पोरगेही जात नाहीत. त्यांना एवढंच ठाऊक, एक दिवस बाया दही घेऊन शेतात जातात आणि दुसऱ्या दिवसापासून वेचणी लागते. गणपत म्हणाला, "हे काय वेचनं होय? शाळेसाठी आनला."

"बोंड त तोडलं ना?" मी म्हटलं.

मास्तरांनी मला सगळं विचारून घेतलं. मी सांगत गेले तसा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. सगळ्या गावाच्या शेतांतून मुहूर्ताआधी कापूस तुटला होता, आणि तो त्यांच्या सांगण्यावरून तुटला होता. कुणी म्हणालं, नाल्यात टाकून देऊ. कुणी म्हणालं, परत बोंडात घालू. एकानं खरंच एक बोळा मुठीत घेतला आणि तो दाराकडे पळणार, तेवढ्यात चावडीकडून आरडाओरडा ऐकू आला. राखणदाराला धुऱ्याधुऱ्यावर रिकामी बोंडं दिसली होती. चोर शिरले म्हणून बोंब झाली, आणि मग कुणी तरी शाळेत जाणारी पोरं पाहिल्याचं सांगितलं.

मास्तर म्हणाले, "कुणी काही लपवायचं नाही. मी सांगतो त्यांना." मला त्यांची फार दया आली, आणि स्वतःचीही आली. ही शाळा आता राहत नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

माझ्याकडे नाम्याची आणि माझी शिदोरी होती. ज्वारीची भाकरी आणि लोटक्यात दही. मागच्या साली मी मायबरोबर सीतादहीला गेले होते, कसं करतात ते पाहिलं होतं. मी दुसरं काही विचारात घेतलं नाही. पायरीखालचे पाच खडे उचलले, मातीच्या शेताच्या कोपऱ्यात मांडले, तुरीच्या फुलांसाठी आणलेली हळद त्यांना लावली. कुंकू नव्हतं, म्हणून गेरूचं बोट टेकवलं. भात नव्हता, भाकरी दह्यात कुस्करली. घाईत थोडं दही जमिनीवर सांडलं. नाम्या बाजूला उभा राहून हळू आवाजात विचारत होता, "ताई, आपल्याले मारतीन काय?" चारी दिशांना चिमूट चिमूट उधळलं, आणि मी हात जोडून उठते तोच माणसं ओसरीत शिरली.

पुढं पाटील, मागं बाकीचे, त्यांत माझा बा. पाटलानं शेताकडे नुसतं एकदा पाहिलं. "पंतोजी, हे तुमी करवलं?"

"हो. मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं. साऱ्या गावाचा कापूस बिनबरकतीचा करून ठेवला, अन् माहीत नव्हतं." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "सामान बांधा. गाडी मी देतो. शाळा नको आमाले."

कुणी मधे पडलं नाही. बा खाली बघत उभा होता. मास्तर भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या धोतराला अजून आमच्या शेताची माती लागलेली होती.

तेवढ्यात विहिरीवरच्या बाया आल्या. त्यांच्या पुढं सरूमाय. कुणी तिला वाट दिली नाही. तिनं ती कोपरानं काढली. येऊन ती मातीच्या शेतापाशी उकिडवी बसली. लोकांकडे तिनं पाहिलंच नाही. आधी तिनं तासं पाहिली, मग कापूस, मग ते पाच खडे.

"हे कोनं मांडलं?"

"म्या," मी म्हटलं.

"भाकरीची सीतादही करतेत काय, पोरी?"

"भात नोता."

तिचा हात हळूहळू पुढं आला आणि तिनं माझी मातीची बाई उचलली. वर चढलेला खांदा तिनं अंगठ्यानं चाचपला. मग स्वतःचा खांदा थोडा हलवला, कुणाला कळणार नाही असा. मला कळला.

"हे मी होय?"

मी मान हलवली.

"इतकी वाकली हाय काय मी?"

मागं एक बाई फिसकन हसली आणि गप्प झाली. सरूमायनं ती मातीची बाई खाली ठेवली नाही. डाव्या हातात धरूनच तिनं उजव्या हातानं दही-भाकरीचा घास उचलला. सीतादहीचा प्रसाद खाल्ला म्हणजे सीतादही झाली, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. ती त्या घासाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता टाकते. तिनं तो तोंडात घातला. सावकाश चावून खाल्ला. मग माझी माय पुढं आली, तिनं खाल्ला. मग एकेक करून बाकीच्यांनी.

"झाली सीतादही," सरूमाय पाटलाला म्हणाली. "शेत शाळेतलं का असंना, शेतच होय. अन् यायनं जे तोडलं ते याच शेताले लागलं, कोनाच्या घरात नाई गेलं. ज्याले वेचाचं असंन त्यानं उद्यापासून वेचावं."

पाटलाला हे खोडता येणार नव्हतं. कशानं सीतादही होते आणि कशानं मोडते, हे त्याला त्याच्या बापानं सांगितलं नव्हतं, आणि आई असल्या गोष्टी मुलाला सांगत नसते. उद्यापासून वेचता येणार, हेही त्याच्या कानात शिरलं असावं. भाव चढलेला होता. तो एवढंच म्हणाला, "मंग ठीक हाय." लोक सैल झाले. मास्तर भिंतीवरून खाली सरकत जमिनीवर बसले.

आणि बा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "चाल गंगू. सीतादही झाली. उद्या वावरात."

मी शाळा वाचवायला निघाले होते, आणि माझीच शाळा मी माझ्या हातानं संपवली होती. ते मला तिथं, त्या क्षणी कळलं. मला बापाचा राग आला नाही. त्यानं शब्द फिरवला नव्हता. मला स्वतःच्या हळदीनं पिवळ्या झालेल्या बोटांचा राग आला. मी रडले नाही, पण नाम्यानं मात्र त्याचा तो प्रसिद्ध टाहो फोडला. "ताई नाई त मी बी नाई शाळेत."

सरूमाय जायला उठली होती. थांबली. "काहून रडते हा?"

मायनं तिला सांगितलं. सरूमायनं ऐकून घेतलं. मग माझ्या बाच्याकडे वळून अगदी सहज, पावसापाण्याचं बोलावं तशी म्हणाली, "ते त नाई जमत, बावा. जिच्या हातानं सीतादही झाली, तिनं त्या साली बोंडाले हात लावू नये. नेम हाय."

"असा नेम हाय?" बानं विचारलं.

"हाय."

"मंग तू त दरसाली सीतादही करतं, अन् दरसाली वेचतं."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. सरूमायनं डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही. "मी म्हातारी. नेम पोरीसोरीले हाय. तुले काय मालूम बायांचं?"

बाला काही मालूम नव्हतं. त्यानं मायकडे पाहिलं. माय प्रसादाचं लोटकं पुसत होती, तिनं मान वर केली नाही. "मंग शाळेतच बस," बा मला म्हणाला, आणि लोकांबरोबर निघून गेला. सरूमायही गेली. मातीची बाई तिच्या हातातच होती. पुढं कितीतरी दिवस ती मला तिच्या घराच्या कोनाड्यात दिसायची, दिव्याच्या शेजारी.

दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव शेतात गेलं. शाळेत आम्ही थोडीच पोरं उरलो. सरकीच्या पोत्यांना टेकून मी वाचायला शिकले ते त्या वेचणीत. बाहेरून बायांचे आवाज यायचे, गाड्यांच्या चाकांचे आवाज यायचे, आणि आत मास्तर हळू आवाजात अक्षरांना अक्षरं जोडून दाखवायचे. पुढच्या साली सीतादहीच्या सकाळी सरूमायनं दहीभाताचं भांडं माझ्याच हातात दिलं. त्याच्या पुढच्या साली पण. आणि पहिली ओंजळ कापूस, जो एवढ्या वर्षांचा तिचा मान होता, तोही तिनं दर शेतातून माझ्याच ओटीत पडू दिला. ते मला तेव्हा समजलं नाही. भाव कमी झाला, चांदीच्या शेंब्या शिंगांवरून उतरल्या, मास्तर बदलून दुसरीकडे गेले, नव्या मास्तरांनी ओसरी सारवून घेताना आमचं शेत खणून काढलं, तोपर्यंत मला ते कळलेलं नव्हतं. महागाईच्या सालांतल्या ओंजळी सोडून देणं म्हणजे काय, ते मला संसार करताना कळलं.

लग्न ठरलं तेव्हा मी तिला विचारलं होतं. दोघी एका तासात कापूस वेचत होतो, ती पुढं, मी मागं. "सरूमाय, तो नेम कोनता वं? मी दुसऱ्या गावच्या बायांले इचारलं, कोनाले मालूम नाई."

"कोनता नेम?" ती म्हणाली, आणि तिच्या हातानं पुढचं बोंड ओढलं.

आज सकाळी वेणूचं सीताफळ वाळलं. एका बाजूनं बारीकशी भेग गेली आहे, पण रंगात झाकून जाईल. ती ते पदरात बांधून शाळेत गेली, जाताना माझ्याकडे बघितलं नाही. तिला वाटत असणार, आजीनं आता वेळ काढायची सगळी कारणं संपवली.

दुपारी तुळशीराम जेवायला बसला. सून वाढत होती. मी म्हटलं, "उद्या सीतादही करू. पन माह्या हातानं नाई. माह्यानं वाकनं होत नाई आता. वेणू करीन."

"करू दे," तो म्हणाला. खुश झाला. "करून तशीच वेचाले लागंन."

"ते नाई जमत. जिच्या हातानं सीतादही झाली, तिनं त्या साली बोंडाले हात लावू नये."

त्यानं घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. माझा मुलगा आहे, बावळट नाही. "मंग तू कशी दरसाली वेचतं?"

"मी म्हातारी. नेम पोरीसोरीले हाय."

त्याचा विश्वास बसला नाही. तो सरळ बायकोकडे वळला. "असा नेम हाय काय वं?" सून परक्या गावची, अकोटाकडची. माझ्याशी तिचं फारसं पटत नाही, आणि वेचणीचे हात कमी पडले तर राबायचं तिलाच आहे. तिनं त्याच्या ताटात भाजी वाढली. भाकरी वाढली. मग म्हणाली, "हाय ना. माह्या माहेरी बी हाय."

तिच्या माहेरची सीतादही मी पाहिलेली आहे. तिथं असला काही नेम नाही. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही, आणि मी दही लावायला उठले.